जामिनाची अट कोर्ट घालतं, पोलीस ठाणं नाही

ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्या धाकट्या भावावर फसवणुकीचा गुन्हा आहे. सत्र न्यायालयाने त्याला ३० हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार यावर सोडलं. अटी तीन. दर रविवारी ११ ते १ या वेळेत पोलीस ठाण्यात हजेरी, साक्षीदारांशी संपर्क नाही, आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर जायचं नाही. भाऊ मालाचा टेम्पो चालवतो. आता तपासी अंमलदार त्याला म्हणतात, "रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन टाकत जा, नाहीतर जामीन रद्द करायला लावतो." हे लोकेशन द्यावंच लागेल का, आणि पायात घालायचं ते जीपीएसचं कडं आता आपल्याकडेही आलंय का, असे दोन प्रश्न आहेत.

लोकेशन द्यावं लागणार नाही. आधी ऑर्डरची नक्कल हातात घ्या आणि तिचं शेवटचं पान वाचा. अर्ज मंजूर झाल्याच्या ओळीखाली जे क्रमांक घातलेले असतात, तेवढ्याच अटी. तिथे लोकेशन नसेल तर ती अट नाही. तपासी अंमलदार अटी वाढवू शकत नाही. त्याला वाढवून हव्या असतील तर त्याने सरकारी वकिलांमार्फत कोर्टात अर्ज करावा, तुम्हाला त्यावर म्हणणं मांडायची संधी मिळेल, मग कोर्ट ठरवेल.

"तपासात सहकार्य करावे" ही ओळ मात्र जवळजवळ प्रत्येक ऑर्डरमध्ये असते, तुमच्याही असेल. ठाण्यात सगळं याच ओळीत कोंबतात. सहकार्य म्हणजे नोटीस देऊन बोलावलं की जाणं, मागितलेली कागदपत्रं देणं, पत्ता किंवा मोबाइल नंबर बदलला तर कळवणं. चोवीस तास आपण कुठल्या रस्त्यावर आहोत हे दाखवत फिरणं त्यात येत नाही.

याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. फ्रँक व्हायटस विरुद्ध नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरो, ८ जुलै २०२४, न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान. अमली पदार्थांच्या केसमधल्या एका नायजेरियन आरोपीला दिल्ली उच्च न्यायालयाने जामीन देताना गूगल मॅपवर पिन टाकून ठेवण्याची अट घातली होती, म्हणजे तपासी अधिकाऱ्याला त्याचा ठावठिकाणा दिसत राहील. सर्वोच्च न्यायालयाने गूगलकडूनच प्रतिज्ञापत्र मागवलं, आणि त्यातून गंमत बाहेर आली. पिन टाकल्याने माणसाच्या हालचाली दिसतच नाहीत. कुणाला काय दाखवायचं ते सगळं वापरणाऱ्याच्या हातात असतं. थोडक्यात, ज्या अटीवर माणसाला सोडलं होतं तिचा उपयोग शून्य होता. पण कोर्ट तिथे थांबलं नाही. तंत्रज्ञानाने असो वा आणखी कशाने, जामिनावरच्या आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांची नजर राहील अशी अट राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालच्या खासगीपणाच्या हक्काचा भंग करते, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. तसं केलं तर जामीन होऊनही माणूस कैदेतच राहिला, हा त्यामागचा विचार.

तेव्हा कोर्टालाही जी अट घालता येत नाही, ती ठाण्यातल्या तोंडी सूचनेने कशी लागेल? निकालाची प्रत काढून ठेवा, पण ती घेऊन काउंटरवर भांडायला जाऊ नका. माझा अनुभव असा की ठाण्यात कायदा सांगणाऱ्या आरोपीचं पुढच्या रविवारी काही ना काही निघतं. भावाने साध्या मराठीत अर्धं पान लिहावं: ऑर्डरमधल्या तिन्ही अटी मी पाळतो आहे, माझा नंबर व पत्ता हा, बोलवाल तेव्हा येईन, लोकेशनची अट ऑर्डरमध्ये नसल्याने ते पाठवत नाही. सोबत ऑर्डरची झेरॉक्स जोडावी, ठाण्याच्या आवक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवावं. सूर नरम ठेवावा.

एक व्यवहाराचा मुद्दा. व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन एका वेळी जास्तीत जास्त आठ तास चालतं, आणि ते फोनचं असतं, माणसाचं नाही. टेम्पोवाल्याचा फोन गाडीत चार्जिंगला राहिला आणि तो गोदामात माल उतरवतोय, तर लोकेशन गाडीचं. उद्या रेंज गेली, बॅटरी संपली, तर "लोकेशन बंद करून पळाला" असा अहवाल तयार. न मागितलेला पुरावा आपणच रोज तयार करून द्यायचा आणि तो अर्धवट असायचा, यात आरोपीचा फायदा काहीच नाही. म्हणून "काय होतंय, देऊन टाकू" असं म्हणू नका.

आता हजेरी. ताईंनी तिच्याबद्दल काहीच विचारलं नाही, आणि मला काळजी तिचीच वाटते. जामीन रद्द करण्याचे जे अर्ज मी बत्तीस वर्षांत पाहिले, त्यातले निम्मे तरी "हजेरी लावली नाही" या एका ओळीवर उभे असतात.

माझा एक अशील होता, प्लंबिंगची कामं करणारा. दर शनिवारी हजेरी. ठाण्यात जायचा, ठाणे अंमलदार मान वर न करता म्हणायचे, "झाली, जा." कधी रजिस्टर पुढे सरकवायचे, कधी नाही. वर्षभराने जामीन रद्दचा अर्ज आला: सात शनिवार गैरहजर. आम्ही स्टेशन डायरीचे उतारे मागवले. दोन शनिवारच्या नोंदी सापडल्या, आडनाव चुकवून लिहिलेलं. पाच दिवसांचं काहीच नाही. माणूस रडकुंडीला आला. मग त्याच्या बायकोने पिशवीतून दोनशे पानी वही काढली. त्याने प्रत्येक शनिवारी तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ आणि ड्युटीवर असलेल्या हवालदाराचा बक्कल नंबर (गणवेशावरचा क्रमांक) लिहून ठेवला होता. का, तर नळाच्या कामाचा हिशोबही तो तसाच ठेवायचा. न्यायाधीश साहेबांनी ठाण्याचं ड्युटी रजिस्टर मागवलं आणि पाचही तारखांना वहीतला बक्कल नंबर जुळवून पाहिला. पाचही जुळले. अर्ज फेटाळला.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक अशिलाला मी वही घ्यायला सांगतो. आज मोबाइल आहे म्हणून ठाण्याच्या आत फोटो काढू नका, त्याचा वेगळा वाद होतो. फाटकाबाहेर उभं राहून काढलेला फोटो पुरे. आजारी असाल तर त्याच दिवशी डॉक्टरांचा कागद जोडून ठाण्याला आणि वकिलाला कळवा. सोमवारी नाही, त्याच दिवशी. आणि दोषारोपपत्र दाखल झालं की हजेरी शिथिल करायचा अर्ज टाका. तपास संपल्यावर दर आठवड्याच्या हजेरीला फारसं कारण उरत नाही, बहुतेक कोर्टं ती महिन्यावर आणतात किंवा काढून टाकतात. पण कोणी अर्जच केला नाही तर ती चार-चार वर्षं चालू राहते.

कड्याचा प्रश्न मोठा आहे. हो, आलं आहे, पण जामिनाच्या सर्वसाधारण केसेसमध्ये नाही. जम्मू-काश्मीर पोलिसांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये दहशतवादाच्या केसमधल्या एका आरोपीच्या पायात जीपीएस कडं घातलं, जम्मूच्या विशेष एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या केसेस चालवणाऱ्या) न्यायालयाच्या आदेशावरून. देशात असं पहिल्यांदाच झालं. त्याच वर्षी केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांसाठी आदर्श कारागृह कायदा आणला. त्यातही अशा उपकरणाची तरतूद आहे, पण ती तुरुंगातून रजेवर जाणाऱ्या कैद्यासाठी आणि त्याची तयारी असेल तरच. वर्तमानपत्रांनी याच्या बातम्या "जामिनावर आता जीपीएस" अशा मथळ्यांनी दिल्या आणि तो घोळ अजून चालू आहे. रजा वेगळी, जामीन वेगळा. रजेवर गेलेला माणूस कैदीच असतो. जामिनावरचा माणूस खटला चालेपर्यंत कायद्याने निर्दोष धरलेला असतो, आणि फ्रँक व्हायटसचा निकाल या दुसऱ्या माणसाबद्दल आहे.

कड्याचा विचार काही काल सुचलेला नाही. विधी आयोगाने मे २०१७ च्या २६८व्या अहवालात इलेक्ट्रॉनिक टॅगिंगचा, म्हणजे अशा कड्याचा, विचार करताना ते फार सावधपणे वापरावं असा इशारा दिला होता. मूळ कल्पना अमेरिकेतली. १९८३ मध्ये न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्कचे न्यायाधीश जॅक लव्ह यांनी ती पहिल्यांदा वापरली. इंग्लंडमध्ये १९८९ साली जामिनावरच्या आरोपींवर पहिला प्रयोग झाला.

त्या यंत्राचं काम समजून घेतलं तर अर्धी भीती जाते आणि उरलेली अर्धी खरी ठरते. प्रकार दोन. जुन्या प्रकारात घरात एक पेटी बसवतात आणि पायातल्या पट्ट्यातून रेडिओ लहरी तिच्याकडे जातात. माणूस ठरलेल्या वेळेत घरी आहे की नाही एवढंच त्यातून कळतं. नव्या प्रकारात उपग्रहावरून जागा ठरते आणि आतलं सिमकार्ड ती मोबाइल नेटवर्कवरून कंट्रोल रूमला पाठवतं. पट्टा कापला की लगेच इशारा जातो. या कड्याला रोज चार्ज करावं लागतं, म्हणजे पाय भिंतीच्या प्लगपाशी ठेवून तास-दोन तास बसायचं. लोडशेडिंग असेल तर काय, हे कुठल्याही परिपत्रकात लिहिलेलं मी वाचलेलं नाही. पत्र्याच्या खोलीत, तळघरात, दाट चाळीत किंवा उंच इमारतींच्या मधल्या बोळात सिग्नल भरकटतो. माणूस खाटेवर झोपलेला असतो आणि नकाशावर त्याचा ठिपका दोन गल्ल्या पलीकडे दिसतो. त्या ठिपक्यावर रात्री दोनला कोण प्रतिसाद देणार? ज्या ठाण्यात हजेरीचं आडनाव नीट लिहिलं जात नाही, त्याच ठाण्यातला माणूस.

खर्चाचाही प्रश्न आहे. अमेरिकेत कितीतरी ठिकाणी कड्याचं रोजचं भाडं आरोपीकडूनच घेतात. आपल्याकडे कड्याचं नाही पण नजरेचं बिल आरोपीवर आल्याचं एक ठळक उदाहरण आहे. एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी गौतम नवलखा यांना सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तुरुंगाऐवजी नजरकैदेत राहू दिलं. पुढे मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने दिलेल्या जामिनावरची स्थगिती उठवताना त्या काळातल्या बंदोबस्ताच्या खर्चापोटी २० लाख रुपये भरायला सांगितलं. ती नजरकैद त्यांनी स्वतः मागितली होती, हे खरं. पण टेम्पोवाल्याने कडं "मागितलं" तर तो कुठून भरणार?

"आरोपी तयार असेल तर काय हरकत आहे?" असं सरकारी पक्ष विचारतो. तुरुंगातल्या माणसापुढे "हे घाल नाहीतर आत राहा" असा कागद ठेवला की तो सही करणारच. त्याला संमती म्हणायला माझं मन धजत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट, जिची आपल्याकडे चर्चाच होत नाही. इंग्लंडमध्ये जामिनावर असताना दिवसाला किमान नऊ तास घरी थांबण्याची अट आणि पायात टॅग असेल, तर पुढे शिक्षा झाल्यावर अशा प्रत्येक दिवसाबद्दल शिक्षेतून अर्धा दिवस वजा होतो. म्हणजे तिथल्या कायद्याने मान्य केलं की टॅग ही अर्धी कैदच आहे. आपल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ४६८ मध्ये वजावट मिळते ती फक्त प्रत्यक्ष कोठडीची. कलम ४७९ मध्ये पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आणि इतरांनी निम्मा काळ आत काढला की सुटकेचा विचार होतो, तिथेही मोजणी कोठडीचीच. उद्या आपल्याकडे कडं आलं आणि ही कलमं तशीच राहिली, तर माणूस दोन वर्षं कडं घालून काढेल आणि हिशोबात त्याचा एकही दिवस धरला जाणार नाही. कड्याचा कायदा करायचा असेल तर सुरुवात या कलमांपासून करावी.

तुरुंगातली गर्दी कमी होईल, हा कड्याच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद. आकडे खरेच भयंकर आहेत. २०२२ च्या अखेरीस देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, होते. पण यातले लोक कड्यावाचून अडकलेले नाहीत. यूएपीए (दहशतवादविरोधी), एनडीपीएस (अमली पदार्थ) किंवा पीएमएलए (काळ्या पैशाचे व्यवहार) या कायद्यांमध्ये जामिनाची अटच इतकी कडक की कोर्टाला जामिनाच्या दारापर्यंत पोचता येत नाही, मग कुठलं कडं घालायचं हा प्रश्नच येत नाही. आणि दुसऱ्या टोकाला चोरी-मारामारीचे असे आरोपी असतात ज्यांचा जामीन झालाय, पण तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला असलेला, सातबारा दाखवू शकणारा जामीनदारच मिळत नाही. मोतीराम या गवंड्याच्या केसमध्ये न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी १९७८ साली हेच सांगितलं होतं. मॅजिस्ट्रेटने १० हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि भाऊ उभा राहिला तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी पुन्हा बजावलं: स्थानिक जामीनदाराचा हट्ट धरून सुटका लांबवू नका, सात दिवसांत माणूस बाहेर पडला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, महिन्यात बंधपत्र भरलं गेलं नाही तर कोर्टाने आपणहून अटी सैल करता येतील का ते पाहावं. केंद्राच्या गरीब कैद्यांसाठीच्या योजनेत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी पैशांची मदत मिळू शकते. ज्यांना गरज आहे त्यांना हे कोणी सांगत नाही.

कडं कुठेच नको, असं माझं म्हणणं नाही. पाठलाग करणारा, बायकोला पुन्हा पुन्हा मारणारा आरोपी तिच्या घराच्या ठरावीक अंतरात शिरला की तिला आणि पोलिसांना इशारा जावा, यासाठी स्पेनमध्ये २००९ पासून अशी यंत्रणा वापरतात. तिथे यंत्राला एकच काम आहे आणि ते कशासाठी हे कोणीही सांगू शकतो. फसवणुकीच्या केसमध्ये पुरावा कागदांचा असतो, तो आधीच जप्त झालेला असतो. टेम्पो कुठल्या टोल नाक्यावर उभा आहे हे कळून तपासाला काय मिळणार?

फसवणुकीच्या केसमध्ये आणखी एका गोष्टीची तयारी ठेवा. फिर्यादी पक्ष पुढे "रक्कम जमा केली तरच जामीन चालू ठेवा" असा अर्ज करू शकतो. जामीन म्हणजे वसुलीचं साधन नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये रमेश कुमार प्रकरणात सांगितलं आहे. घाबरून "भरतो" असं लिहून देऊ नका. एकदा लिहून दिलं की ते हमीपत्र ठरतं आणि ते मोडणं वेगळं महागात जातं.

भावाची खरी अडचण तिसऱ्या अटीत आहे. टेम्पोवाला, आणि जिल्ह्याबाहेर जायचं नाही. आजवर तो गेलाच नसेल तर उत्तम. गेला असेल, तर इथून पुढे जाऊ नये, कारण लोकेशन न पाठवताही टोलच्या फास्टॅगवरून ते दोन मिनिटांत निघतं, आणि ती अट ऑर्डरमध्ये लिहिलेली आहे. ज्या सत्र न्यायालयाने ऑर्डर केली तिथेच अट शिथिल करण्याचा अर्ज द्या. सोबत मालकाचं पत्र, ड्रायव्हिंग लायसन्स, मागच्या सहा महिन्यांच्या बिल्ट्या (मालवाहतुकीच्या पावत्या) आणि घरात कमावणारा तो एकटाच असेल तर रेशन कार्ड जोडा. "जिल्ह्याबाहेर जाण्यास परवानगी द्यावी" एवढंच मोघम मागू नका. कोणकोणते जिल्हे, आठवड्यातून साधारण किती फेऱ्या, गाडीचा नंबर काय, हे लिहा. जाण्याआधी ठाण्याला एक मेसेज करीन असं स्वतःहून सुचवा. काय मागतोय आणि पोलिसांना काय देतोय, दोन्ही समोर दिसलं की न्यायाधीशांना हो म्हणणं सोपं जातं. ऐनवेळी सरकारी वकील "लोकेशन शेअर करण्याच्या अटीवर आमची हरकत नाही" असं म्हणतील. तेव्हा ८ जुलै २०२४ चा निकाल पुढे करायचा, आणि त्याऐवजी महिन्याच्या शेवटी फेऱ्यांची यादी देण्याची तयारी दाखवायची. असे चार अर्ज मी केले, तीन मंजूर झाले. चौथा माणूस परवानगी मिळण्याआधीच नाशिकला जाऊन आला होता.

तारखांचंही बघा. केसचा सोळा अक्षरी-अंकी सीएनआर नंबर वकिलांकडून घेऊन ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर टाका, पुढची तारीख तिथे दिसते. तारखेला गैरहजर राहिला की वॉरंट निघतं, बंधपत्र जप्त होतं आणि नोटीस पहिल्यांदा जामीनदाराच्या दारात जाते. तुमचा जामीनदार मामा असेल किंवा चुलता, त्यांच्या फोनवरही ते अ‍ॅप घालून द्या.